पेटीतले बाळ, बाकावरची आई

दिवस भरण्यापूर्वी मूल जन्माला आले की वऱ्हाडातील घराघरांतून पहिला प्रश्न विचारला जातो तो महिन्याचा. सातव्याचे असेल तर जगेल, आठव्याचे असेल तर भरवसा नाही, ही समजूत सुशिक्षित कुटुंबांतूनही अद्याप पुरती गेलेली नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो. वैद्यकशास्त्र ३७ आठवड्यांपूर्वीच्या जन्माला अकाली जन्म म्हणते. ३२ आठवड्यांपूर्वीचा जन्म हा विशेष धोक्याचा. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अशी अकाली जन्मली आणि त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतातील होती. हा प्रश्न तेव्हा एखाद्या दुर्दैवी घराचा नव्हे. तो सार्वजनिक आरोग्याचा आहे.

या बाबतीत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय, ज्याला लोक अजूनही ‘डफरीन’ म्हणतात, आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ही व्हाइसरॉयांच्या पत्नींच्या नावांनी ओळखली जाणारी रुग्णालये आज गोरगरिबांच्या बाळंतपणाचा मोठा आधार आहेत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजाताला सरकारी रुग्णालयात मोफत उपचारांचा हक्क दिला आणि पुढे त्याची मुदत बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत वाढविली. ज्या बाळाची आशा पूर्वी सोडून दिली जात असे, ते आज काचेच्या पेटीत ठेवले जाते आणि पुष्कळदा वाचते. परंतु पेटीतल्या बाळाची व्यवस्था झाली म्हणजे सर्व झाले, हा समज मात्र तपासून पाहिला पाहिजे.

कारण पेटीच्या काचेबाहेर एक आई असते. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना हा विश्रांतीचा, शेकाचा आणि पथ्याचा मानला जातो. अकाली प्रसूत झालेल्या स्त्रीचा तो सव्वा महिना रुग्णालयाच्या बाकावर जातो. बाराव्या दिवशी पाळणा हलत नाही. बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणतः ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो; तोवर तिने दर दोन-तीन तासांनी दूध पिळून वाटीत द्यावयाचे आणि ते नळीने किंवा बोंडल्याने बाळाला पाजले जावयाचे. पिळलेल्या दुधाचे चार थेंब कमी भरले तरी ती स्वतःला दोष देते. त्यात नातलगांचे बोलणे येते: हिचेच दिवस कसे भरले नाहीत? रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी मुले, कोवळ्या वयातील बाळंतपण अशी अकाली जन्माची कारणे सांगितली जातात आणि अनेकदा कोणतेच कारण सापडत नाही. ज्या स्त्रीला पोटात मूल असताना कापूस वेचण्यावाचून गत्यंतर नव्हते, तिलाच अपराधी ठरविणे हे अज्ञान तर आहेच. परंतु निर्दयपणाही आहे.

आईचे बाळाजवळ असणे ही केवळ भावनेची गोष्ट नाही. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. अकोल्याच्या मे महिन्यातही इवल्या बाळाचे अंग गार पडू शकते, कारण त्याच्या त्वचेखाली चरबीच नसते. आईच्या अंगाची ऊब ती उणीव भरून काढते. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत ३,२११ बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवलेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने प्रकृती स्थिर होईपर्यंत वेगळे ठेवलेल्यांत १५.७ टक्के आढळले. त्यासाठी नवजात कक्षातच आईला खाट देण्यात आली होती. आई ही भेटीला आलेली पाहुणी नसून उपचाराचाच एक भाग आहे, हा त्याचा सरळ अर्थ.

आपले नियम अद्याप हा अर्थ मानावयास तयार नाहीत. ज्या कार्यक्रमाने बाळाला वर्षभर मोफत उपचार दिले, त्याच कार्यक्रमाने आईच्या मोफत जेवणाची मुदत नैसर्गिक प्रसूतीनंतर ३ दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर ७ दिवस धरली. बाळ सहा आठवडे कक्षात आणि आईचे ताट चौथ्या दिवशी बंद, ही कोणती रीत? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात अकाली जन्माचा उल्लेख आला तो आईच्या आजाराचे एक कारण म्हणून, आणि तोही एक महिन्याच्या वाढीव रजेपुरता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच सूत्र कायम राहिले. शिक्षिकेला किंवा कारकून स्त्रीला निदान २६ आठवड्यांची रजा आहे. परंतु बाळ घरी येईपर्यंत तिचा मोठा भाग संपलेला असतो. शेतमजूर स्त्रीला तर तेवढेही नाही. तिच्या लेखी रुग्णालयातला प्रत्येक दिवस हा एक बुडालेला रोज असतो.

‘बुडीत मजुरी’ हा शब्द शासनाला अपरिचित नाही. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्राची झोप उडविल्यानंतर आदिवासी भागासाठी ज्या योजना आखल्या गेल्या, त्यांत बाळासोबत रुग्णालयात राहणाऱ्या पालकांना बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व मान्य झाले. धारणीच्या कोरकू मातेला जे तत्त्व लागू पडते, ते दर्यापूरच्या किंवा बाळापूरच्या मजूर स्त्रीला का लागू पडू नये? गरज डोंगर उतरून खाली आल्याने संपत नाही.

यावर जागेची टंचाई, गर्दी आणि जंतुसंसर्ग असे आक्षेप घेतले जातील. ते सर्वस्वी निराधार नाहीत. परंतु हात धुतलेली, स्वच्छ वस्त्र ल्यालेली आई म्हणजे गर्दी नव्हे. शिवाय यंत्रावर सर्वस्वी विसंबण्याची मर्यादा काय, हे ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली तेव्हा महाराष्ट्राने पाहिले आहे. यंत्रे हवीतच, पण ती आईच्या जागी नव्हेत, तिच्या जोडीला हवीत.

मागणी मोठी नाही. बाळ रुग्णालयात असेपर्यंत आईला कक्षात खाट, दोन वेळचे जेवण आणि मजूर असल्यास बुडीत मजुरी मिळावी. नोकरदार आईची रजा बाळ घरी आल्या दिवसापासून मोजली जावी. आणि महिन्याभराने होणाऱ्या डोळ्यांच्या तपासणीसाठी तिला परत यावयाचे झाले तर प्रवासाची सोय असावी. ही तपासणी चुकली तर वाचलेले मूल दृष्टी गमावू शकते. बाळाचा जीव वाचविण्यावर शासन जो खर्च करते, त्याच्या मानाने ही रक्कम किरकोळ ठरावी. बाळाला वाचविणे आणि आईला सांभाळणे ही दोन कामे नाहीत. ते एकच काम आहे, आणि आज ते अर्धेच होत आहे.