दोन किल्ल्यांचे लॉकर

गेल्या दिवाळीत आमच्या घरी गोलमेज परिषद भरली होती. विषय : नातवासाठी घ्यायचे खेळयंत्र. ‘खेळयंत्र’ हा शब्द माझा. नातू ‘कन्सोल’ म्हणतो. यंत्र ठरलेले होते, प्लेस्टेशन ५. प्रश्न एवढाच होता की तबकडी सरकवायची फट असलेले घ्यायचे की बिनफटीचे? २०२१ च्या फेब्रुवारीत हे यंत्र भारतात आले तेव्हा फटीच्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनफटीच्या यंत्राची ३९,९९०. म्हणजे एका फटीचे दहा हजार!

सूनबाई म्हणाली, “बाबा, आता सगळं नेटवर मिळतं. तबकड्या कोण विकत घेतो?” चिरंजीवांनी मान डोलावली. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला दहा हजारांची बचत पटायला हवी होती. मला मात्र ती पटेना.

या फटीला एक इतिहास आहे. २००० साली जपानमध्ये प्लेस्टेशन २ निघाले तेव्हा ते डीव्हीडीही लावत असे, आणि कितीतरी घरांत पहिला डीव्हीडी प्लेअर म्हणून तेच शिरले. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ ब्ल्यू-रे तबकडी घेऊन आले. समोर तोशिबाची ‘एचडी डीव्हीडी’ होती. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने हार मानली. पुढे २०१६ साली चौपट बारकाव्याची ‘अल्ट्रा एचडी’ तबकडी आली आणि गंमत झाली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन एसने ती स्वीकारली, तर ब्ल्यू-रेच्या जन्मदात्यांपैकी एक असलेल्या सोनीने प्लेस्टेशन ४ प्रोमध्ये ४के चित्र दिले, पण ही तबकडी लावायची सोय मात्र दिली नाही! प्लेस्टेशन ५ मध्ये ती आली. २०२४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या प्लेस्टेशन ५ प्रोला मात्र फटच नव्हती. अमेरिकेत तेव्हा ६९९ डॉलर मोजायचे आणि तबकडीचा भाग वेगळा विकत घ्यायचा.

चित्राच्या गुणवत्तेत खरेच फरक पडतो का? आकडे तरी तसे सांगतात. ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, साध्या फुल एचडीत सुमारे २१ लाख. तबकडीवरून दर सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत मजकूर येऊ शकतो. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ मेगाबिटचा वेग पुरेसा मानते. अंधाऱ्या दृश्यांत, धुरात, पावसात हा फरक जाणकार डोळ्यांना दिसतो. मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्यांना, ४३ इंची पडद्यापासून दहा फुटांवर बसून, फारसा दिसत नाही, हेही कबूल करतो. केवळ स्पष्टतेसाठी सर्वांनी दहा हजार मोजावेत, असे मी म्हणणार नाही.

माझा मुद्दा ताब्याचा आहे. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवले की डिस्कव्हरीचे जे कार्यक्रम तुम्ही विकत घेतले आहेत, ते महिनाअखेर तुमच्या संग्रहातून निघून जातील. ओरड झाली, निर्णय मागे घेतला गेला. पण ‘विकत घेतले’ या शब्दांचा अर्थ त्या दिवशी लोकांना कळला. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. विकतो आहोत तो फक्त परवाना, हे दुकानदाराने स्पष्ट सांगावे, असे बंधन तेथे १ जानेवारी २०२५ पासून आहे.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. एक ग्राहकाची, एक बँकेची. एकटा कोणीच ते उघडू शकत नाही, म्हणून दोघेही निर्धास्त असतात. तबकडी ही ग्राहकाची किल्ली. यंत्रातली फट ही कंपनीची. नेटवरच्या खरेदीत दोन्ही किल्ल्या कंपनीच्या खिशात असतात.

आणि फट नसेल तर आपली किल्ली कुचकामी ठरते. माझ्या कपाटात मराठी नाटकांच्या बावीस व्हीसीडी आहेत. मालक मी, पण लावायच्या कशावर? नुसते प्लेअर बनवणारेही कमी होत चालले आहेत. सॅमसंगने २०१९ मध्येच अमेरिकेच्या बाजारासाठी नवे ब्ल्यू-रे प्लेअर काढणे थांबवले. लाखोंनी खपणारे खेळयंत्रही फट बुजवू लागले, तर तबकडी घरात असूनही नसल्यासारखी होईल.

आपल्याकडे या तबकड्या दुकानात सहजी दिसत नाहीत, हा सूनबाईचा मुद्दा खराच. पण परदेशातले नातेवाईक येतात-जातात. अमेरिकेतली डीव्हीडी प्रदेशाच्या कुलपामुळे इथल्या प्लेअरवर अनेकदा अडते. अल्ट्रा एचडी चित्रपटाच्या तबकडीला मात्र प्रदेशाचे कुलूप नाही. तेव्हा सर्वांवर फटीचा भुर्दंड नको, पण ज्याला हवी त्याला ती पुढे जोडून घेता यावी, एवढी सोय प्रत्येक मोठ्या खेळयंत्रात हवी. प्लेस्टेशन ५ च्या २०२३ नंतरच्या बिनफटीच्या नमुन्यात ती आहे. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये नाही.

अखेर फटीचे यंत्र आले. वरचे पैसे मी भरले. माझ्या व्हीसीडी त्याने नाकारल्या, अगदी अपेक्षेप्रमाणे. मग नातवाने कपाटातून २०१० सालची एक डीव्हीडी शोधून काढली, त्याच्या आईबाबांच्या लग्नाची. ती लागली. चित्र काही ४के नव्हते, रंगही उतरले होते. मांडवात माझी आई खुर्चीवर बसून अक्षता वाटत होती. तिला जाऊन आता नऊ वर्षे झाली.

“आबा, ह्या कोण?” नातवाने विचारले.

सूनबाईने टीव्हीचा आवाज वाढवला आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली.