घरची शाळा कोणाला परवडते?

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले आणि सरकारने सांगितले, शाळा बंद पण शिक्षण सुरू. आमच्या वस्तीत ते शिक्षण घरातल्या एकुलत्या एका फोनवर सुरू होते, आणि तो फोन बापासोबत कामावर जाई. बाप रात्री परतला की पालिकेच्या शाळेतल्या बाईंनी सकाळी व्हॉट्सॲपवर टाकलेला अभ्यास उघडायचा. चार घरची भांडी घासून आलेली आई पोरीजवळ बसायची. तिचे शिक्षण सातवी. अपूर्णांकाचा व्हिडिओ ती आधी स्वतः दोनदा बघायची, मग पोरीला समजवायची. तेवढ्यात नेटपॅक संपायचा!

या आईचे नुसते कौतुक आम्हाला मान्य नाही. तिने केले ते शिक्षकाचे काम होते, तेही बिनपगारी. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्या कोंडून ठेवली होती, त्यांना घरची शाळा जड जात नाही. आम्हाला घराबाहेरची शाळाच लागते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले ते उगीच नाही.

आता पटसंख्या वीसच्या आत म्हणून शाळा गुंडाळून समूह शाळा करण्याची भाषा २०२३ पासून चालू आहे. उद्या अशाच एखाद्या पोरीच्या हातात शाळेऐवजी मोबाईल दिला, तर? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. कार्यकर्त्यांनो, पुढच्या बैठकीला त्या आईला सोबत न्या, आणि ती बोलेल ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.