अर्ज म्हणजे आपली हुंडी



आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी पेढीवरून हुंडी निघत असे, तेव्हा नाव, रक्कम आणि मुदत यांत तिळमात्र चूक खपत नसे. रक्कम आकड्यांत लिहून पुन्हा अक्षरांत लिहिली जाई. ज्या घराण्यांत ही शिस्त मुरली, त्याच घरांतील मुले-मुली आज नोकरीचा किंवा प्रवेशाचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या रात्री आणि बहुधा दुसऱ्याच कोणाकडून भरून घेतात. बँकेतील उमेदीची सारी वर्षे कागदपत्रांत घालविलेल्या मला याचा खेद वाटतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका स्नेह्याच्या कन्येने आयबीपीएसमार्फत होणाऱ्या लिपिक परीक्षेसाठी अर्ज केला. अर्ज भरला तो वडिलांनी, दुकानातील गिऱ्हाईक सांभाळत. गुणपत्रिकेवर आडनाव कुळाचे होते, तर आधार कार्डावर ‘जैन’ असे होते. वडिलांनी गुणपत्रिका पाहून नाव भरले. परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्र आणि ओळखपत्र यांवरील नावे जुळेनात, म्हणून मुलीला आत सोडले नाही. सर्वसाधारण गटासाठी या परीक्षेची वयोमर्यादा २८ वर्षे. तिची ती शेवटची संधी होती. स्नेही मला म्हणाले, “भाऊ, आयुष्यात एक बिल चुकवले नाही, पण पोरीचे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत.”

म्हणून पहिले काम अर्ज भरण्याचे नव्हे, कागद जुळविण्याचे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव प्रमाण मानावे आणि आधार, पॅन त्यानुसार वेळीच दुरुस्त करून घ्यावेत. विवाहानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद हाताशी ठेवावी.

दुसरी गफलत प्रवर्गाच्या रकान्यात होते. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून घोषित केले. परंतु अल्पसंख्याक असणे आणि आरक्षित प्रवर्गात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बँक भरतीत अल्पसंख्याक म्हणून जागा राखीव नसतात. धर्माचा रकाना वेगळा, प्रवर्गाचा वेगळा. इतर मागास वर्ग किंवा आर्थिक दुर्बल घटक असे लिहिण्यापूर्वी विहित नमुन्यातील, मुदतीत असलेला दाखला हाती हवा. “दाखला पुढे काढू” हा हिशेब येथे चालत नाही.

तिसरी बाब टक्केवारीची. व्यापारात आपण वरचे पैसे सोडून रक्कम पूर्ण करतो. अर्जात तसे करू नये. बँक भरतीच्या नियमांत ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमीच. श्रेणी असल्यास विद्यापीठाच्या सूत्रानेच तिचे रूपांतर करावे.

चौथी बाब अनुभवाची. व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या अर्जात आपली मुले हा रकाना संकोचाने कोरा ठेवतात, नाहीतर थेट ‘व्यवस्थापक’ असे लिहून मोकळी होतात. दोन्ही अयोग्य. सुटीत दुकानात बसून मालाची नोंदवही ठेवली, जीएसटीची बिले तयार केली, उधारीची वसुली केली, असे नेमके लिहावे. वर्षे आणि महिने खरे लिहावेत. मुलाखतीत पुढील प्रश्न त्यावरूनच येतो आणि खरे केलेले काम सांगताना जीभ अडखळत नाही.

याशिवाय मोबाइल क्रमांक आणि ई-मेल उमेदवाराचा स्वतःचा द्यावा. तो भरती पूर्ण होईपर्यंत बंद करू नये. सायबर कॅफेवाल्याचा ई-मेल दिल्यास प्रवेशपत्राची सूचना त्याच्याकडे जाते. सही इंग्रजी मोठ्या अक्षरांत करू नये. ती नाकारली जाते. हस्तलिखित प्रतिज्ञापत्र मागितले असेल, तर ते उमेदवाराच्याच हस्ताक्षरात हवे. शुल्क भरल्यावर पावती आणि भरलेल्या अर्जाची प्रत छापून फाइलला लावावी. मुदतीच्या आठ दिवस आधी हे सारे उरकलेले असावे.

अर्जाच्या शेवटी “वरील माहिती सत्य आहे” या ओळीखाली उमेदवार स्वतः बांधला जातो. माहिती खोटी आढळल्यास निवड होऊनही उमेदवारी रद्द होऊ शकते. म्हणून पालकांना माझी विनंती अशी की, मायेपोटी मुलांचे अर्ज आपण भरू नयेत. येत्या रविवारी घरातील सर्व कागद एका टेबलावर मांडावेत. मुलाने किंवा मुलीने लिहावे आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून, रोजमेळ तपासावा तसा, ताळा करावा.