जहाजावर जाणाऱ्याचे तिकीट कोणी काढायचे?

जळकोटहून एका भगिनीचे पत्र आले आहे. हे जळकोट धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे. मुलगा हॉटेलच्या कामात तयार झाला आहे. वेस्ट इंडीजच्या बेटांवर एका यॉटवर, म्हणजे श्रीमंतांच्या सहलीच्या जहाजावर, त्याला नोकरी मिळते आहे. दलाल म्हणतो, ‘विमानाचे तिकीट आणि व्हिसा तुमच्या खर्चाने, बाकी मी बघतो.’ घरात डोरले गहाण टाकायचे घाटते आहे. ताई विचारतात, टाकावे का?

आमचे उत्तर सरळ आहे. टाकू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण असा प्रश्न उद्या कोणाच्याही घरात येईल.

वेस्ट इंडीज हे नाव आपल्या मुलांना क्रिकेटमुळे पाठ आहे. पण तो एक देश नव्हे. समुद्रात विखुरलेली ती अनेक बेटे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे कायदे निराळे. सेंट मार्टिन नावाचे एवढेसे बेट, पण त्याचा एक भाग फ्रेंचांकडे आणि दुसरा डचांकडे! व्हिव्हियन रिचर्ड्सचे अँटिग्वा हे यॉटचे मोठे ठाणे. तिथल्या विमानतळाला व्ही. सी. बर्ड यांचे नाव आहे. हे गृहस्थ कामगार संघटनेचे पुढारी होते आणि 1981 साली देश स्वतंत्र झाल्यावर पहिले पंतप्रधान झाले.

या भागात जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो. म्हणून यॉटचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. पुढे बऱ्याच यॉट युरोपकडे निघून जातात. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी नोकरमाणसे बदलतात. माणूस विमानाने येतो आणि समुद्राने जातो, किंवा समुद्राने येऊन विमानाने घरी परततो. सगळी अडचण इथेच आहे.

विमानाने येणाऱ्याला बेटावरचा अधिकारी विचारतो, ‘परतीचे तिकीट कुठे आहे?’ यॉटवर जाणाऱ्याकडे ते नसते. मग त्याच्या हातात कप्तानाचे किंवा मालकाचे पत्र लागते. त्यात यॉटचे नाव, नोंदणी, ती कोणत्या बंदरात उभी आहे आणि हा माणूस तिथे कामाला येत आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. हे पत्र नसेल तर विमान कंपनी मुंबईतच अडवू शकते. वाटेत अमेरिकेत विमान बदलायचे असेल, तर तेवढ्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. जहाजावरच्या लोकांसाठी त्याचा सी-1/डी असा प्रकार आहे.

नोकरी सोडतानाही तसेच. बॅग उचलून विमानतळ गाठला असे चालत नाही. यॉटवरच्या माणसांची यादी सरकारी कचेरीत दिलेली असते. कप्तानाने तिथे जाऊन त्या यादीतून नाव कमी करून घ्यावे लागते. यालाच ‘साइन ऑफ’ म्हणतात. ते झाले नाही तर कागदोपत्री माणूस यॉटवरच राहतो आणि विमानतळावर अडकतो.

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी विमाने छोटी असतात. ट्विन ऑटर विमानात जेमतेम 19 उतारू बसतात. वजन जास्त झाले की सामान मागे राहते. ‘लियाट’ ही तिथली जुनी विमान कंपनी 1956 साली सुरू झाली आणि 2020 साली कोलमडली. तिच्या नावातल्या अक्षरांवरून लोक थट्टा करीत, की सामान दुसऱ्याच विमानतळावर सापडेल! 1917 साली बाबासाहेब विलायतेहून परतले, तेव्हा वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके टॉर्पेडोने समुद्रात बुडाली, हे आपण सारे जाणतो. म्हणून पासपोर्ट, सीडीसी, करार आणि पत्र मोठ्या बॅगेत टाकू नये. अंगाजवळच्या पिशवीत ठेवावे.

आता पैशांचे. 2006 साली जहाजावरच्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. तो 2013 पासून अमलात आहे आणि भारताने 2015 साली त्याला मान्यता दिली. त्याप्रमाणे नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखला एवढाच खर्च त्याने करायचा. व्हिसाचा खर्च मालकाचा. मुदत संपली किंवा आजारपणामुळे काम होईना, तर घरी पोचवण्याचा खर्चही मालकाचा. तो आगाऊ मागता येत नाही, पगारातूनही कापता येत नाही. प्रशिक्षणाची फी निराळी. ती संस्थेत भरून पावती घ्यावी.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. जी यॉट भाड्याने दिली जात नाही, निव्वळ मालकाच्या हौसेसाठी असते, तिला हा करार लागू होत नाही. तिथे जाण्या-येण्याचे तिकीट कोण काढणार, हे नोकरीच्या करारातच लिहून घ्यावे. तोंडी वचनावर सात समुद्र ओलांडू नयेत.

ताईंनी दलालाला तीन गोष्टी विचाराव्यात. तुमचा आरपीएसएल परवाना क्रमांक कोणता? यॉटचे नाव काय आणि ती कोणत्या देशात नोंदलेली आहे? सही करण्यापूर्वी करार घरी वाचायला मिळेल का? परवान्याची यादी मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे, ती स्वतः पडताळून घ्यावी. दलाल उत्तरे टाळू लागला तर समजावे, की नोकरी नाही, नुसती पावतीच फाडली जाणार आहे.

करार इंग्रजीत असतो. वस्तीत कोणी मुलगी कॉलेजला जात असेल तर तिला बसवून तो ओळीओळीने मराठीत वाचून घ्यावा, आईवडिलांच्या समोर. तासभर लागेल. तेवढा वेळ दलाल देत नसेल, तर त्याच्या हातात घरातला एक रुपयाही देऊ नये.