क्रीडांगण : शाळेचा संघ परगावी निघतो तेव्हा



श्रावण संपून गणपतीचे दिवस आले, की देशातील शेकडो शाळांतून एकच गडबड उडते. कोणाचे बूट उसवलेले असतात, कोणाच्या पालकाची संमतीची सही राहिलेली असते, कोणाचा जन्मदाखला ऐन वेळी सापडत नाही. शाळेचा फुटबॉल संघ परगावी निघालेला असतो. ह्यांतील काही संघांची वाट अलीकडे आमच्या बेंगळुरू शहराकडे वळली आहे. सुब्रतो चषकाच्या आंतरशालेय स्पर्धेतील १५ वर्षांखालील मुलांचे सामने २०२५ च्या सप्टेंबरात येथेच झाले. १७ वर्षांखालील मुलांचे व मुलींचे सामने दिल्लीकडे झाले. कोण कोणासमोर उभा राहील हे दर वर्षी नव्या सोडतीने ठरते, त्यामुळे निकालाचे भविष्य वर्तविण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. परंतु निरनिराळ्या प्रांतांतील बलाढ्य संघांची गाठ पडते तेव्हा काय पाहावे, आणि आपला मुलगा किंवा मुलगी त्या संघात असेल तर घरच्यांनी काय ध्यानी धरावे, ह्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

प्रथम ह्या चषकाची हकीकत. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी हे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. १९५४ साली त्यांनी हे पद हाती घेतले. फुटबॉलचे त्यांना मोठे वेड होते. मोठ्या वयाच्या खेळाडूंना कितीही शिकविले तरी पाया शाळेतच घातला गेला पाहिजे, ह्या विचारातून शाळकरी मुलांसाठी अखिल भारतीय स्पर्धेची कल्पना पुढे आली आणि १९६० साली ती सुरू झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टोकियो येथे मुखर्जींचे आकस्मिक निधन झाले. लावलेल्या रोपाची वाढ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण रोप जगले. हवाई दलाच्या पाठबळावर ही स्पर्धा आजही चालते. राज्याराज्यांतील विजेत्या शाळांखेरीज केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, सैनिकी शाळा अशांचे संघ तीत उतरतात. परदेशांतील शाळाही येऊन गेल्या आहेत.

महाराष्ट्रातील शाळेला येथवर येण्यासाठी तालुका किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर हरलेला संघ घरी जातो. म्हणून राज्याचे नाव छातीवर लावून आलेल्या संघाला कोणी लेचापेचा समजू नये.

आता गाठींकडे वळू. आमच्या मराठी वाचकांना सर्वांत जवळची गाठ म्हणजे कोल्हापूर आणि ईशान्येकडील राज्ये ह्यांची. कोल्हापूरचा फुटबॉल तालमीत वाढलेला आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे घेतली की कोल्हापुरी माणसाचे डोळे चमकतात. कुस्तीच्या आखाड्यांभोवती जमलेली ही पेठेपेठेची मंडळे फुटबॉलचेही संघ बाळगतात, आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांच्या लढती पाहावयास अवघे गाव लोटते. ह्या वातावरणात वाढलेला मुलगा अंगाने चिवट, टक्करीला न भिणारा आणि प्रेक्षकांच्या गलक्याने न बुजणारा असतो. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

समोर मणिपूर किंवा मिझोरामचा संघ असला, की चित्र पालटते. तेथील मुले बहुधा अंगाने लहानखोर. परंतु चेंडू पायाशी फार वेळ ठेवावयाचा नाही, दोन पावलांत तो साथीदाराकडे द्यावयाचा आणि लगेच मोकळ्या जागेकडे धाव घ्यावयाची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. २०१७ च्या त्याच विश्वचषकात भारताचा एकमेव गोल कोलंबियाविरुद्ध झाला आणि तो नोंदविणारा जीक्सन सिंग मणिपूरचा होता. त्याच वर्षी ऐजॉलच्या संघाने आय-लीगचे विजेतेपद मिळवून महानगरांतील धनवान संघांना चकित केले. म्हणून अशी गाठ पडली, तर पहिली पंधरा मिनिटे नीट पाहावीत. कोल्हापुरी मुलांनी धडक देऊन चेंडू हिसकावला आणि खेळ त्यांच्या लयीत आला, तर सामना रंगतो. ते चेंडूमागे धावत दमले, तर उत्तरार्धात त्यांच्या बचावफळीत भगदाडे पडतात.

दुसरी गाठ केरळ व पंजाब ह्यांची. केरळात फुटबॉल हा घराघरांतील विषय आहे. तरीही सुब्रतो चषकाने त्या राज्याला पुष्कळ वर्षे हुलकावणी दिली होती. २०२५ साली कोझिकोडच्या फारूक हायर सेकंडरी स्कूलने १७ वर्षांखालील मुलांचे विजेतेपद जिंकून ती उणीव भरून काढली. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर उत्तराखंडातील अमेनिटी पब्लिक स्कूल होते. त्याच वर्षी बेंगळुरूत झालेल्या १५ वर्षांखालील गटात मोहालीचे मिनर्व्हा पब्लिक स्कूल अजिंक्य ठरले. मोहालीची ही मुले वसतिगृहात राहून बारमाही शिक्षण घेतात. त्याच उन्हाळ्यात मिनर्व्हा अकादमीच्या कुमारांनी स्वीडनमधील गोथिया चषकासह युरोपातील तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. येथे दोन प्रदेशांबरोबर दोन पद्धतींचीही गाठ पडते : एकीकडे गावाच्या मैदानातून निवडलेला शाळेचा संघ, दुसरीकडे खेळासाठीच एकत्र आणलेला वसतिगृहाचा संघ. दुसऱ्याची तयारी अधिक असणार हे उघड आहे. पण पहिला जिंकतो तेव्हा गावातील शंभर मुलांना ‘आपणही खेळावे’ असे वाटू लागते, हा लाभही लहान नव्हे.

मुलींच्या गटात झारखंडातील गुमला जिल्ह्याचे नाव ध्यानात ठेवावे. २०२२ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार अष्टम उरांव ही ह्याच जिल्ह्यातील. त्या स्पर्धेत आपल्या मुलींचा अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा पराभव झाला. आकडे कटू आहेत, ते लपवू नयेत. पण ज्या मुलींच्या वाट्याला धड मैदानही सहजी येत नाही, त्या ब्राझीलसमोर उभ्या राहिल्या, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. आपल्याकडील किती शाळांत मुलींचा फुटबॉल संघ आहे, हे वाचकांनी आपापल्या गावी विचारून पाहावे.

यजमान शहरही खेळाच्या बाबतीत परके नाही. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर गोऱ्या पलटणींचा पगडा होता, त्या काळी १९३७ साली बेंगळुरू मुस्लिम्स संघाने तो जिंकला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकून दाखविला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा गोल करणारा सारंगपाणी रामन ह्याच शहराचा. आपले बहुतेक खेळाडू त्या दिवशी अनवाणी खेळले होते. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा हातचा गेला. ईस्ट बंगालच्या आघाडीतील ज्या पाच जणांना बंगाली रसिक ‘पंचपांडव’ म्हणत, त्यांतील अहमद खानही बेंगळुरूचा. हलसूरजवळील गौतमपुरात आज गेलात तर पेलेचा पुतळा दिसेल, आणि त्याच्या आसपास चेंडू खेळणारी पोरेही दिसतील. २०२३ च्या मार्चमध्ये कर्नाटकाने ५४ वर्षांनंतर संतोष चषक जिंकला, तेव्हा येथल्या जुन्या मंडळींना आनंद आवरेना.

पाहुण्या संघांनी येथल्या हवेचाही विचार करावा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. दुपार फारशी तापत नाही. पण सप्टेंबर हा येथे भर पावसाचा महिना. ओल्या मैदानावर चेंडू टप्पा पडताच सरकतो, गोलरक्षकाच्या हातून निसटतो. कोरड्या मातीवर सराव केलेल्या संघाने आदल्या दिवशी ओल्या गवतावर तासभर तरी घालवावा. लांब पल्ल्याचे फटके मारण्याचा मोह अशा वेळी वाईट नसतो.

आता थोडे मैदानाबाहेरचे. अशाच एका सामन्याच्या वेळी पायऱ्यांवर आमच्या शेजारी कोल्हापूरकडील एक गृहस्थ बसले होते. पुतण्या संघात होता. रजा काढून, रेल्वेने रात्र काढून ते आले होते. ईशान्येकडील एका शाळेने त्यांच्या संघाला तीन गोलांनी हरविले. शेवटची शीळ वाजली तसे ते म्हणाले, “पोरगं हरलं बघा साहेब. दादांनी बजावून पाठवलंय, यंदा जिंकला नाहीस तर बूट माळ्यावर आणि पुस्तक हातात. आता घरी काय सांगू?”

आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. तेवढ्यात मुलगा चिखलाने माखलेला तसाच वर आला. डोळे रडून लाल झालेले होते. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “काका, त्यांचा तो आठ नंबरचा बघितला काय? चेंडू पायाला लागायच्या आधीच दोनदा मान वळवून मागं बघतोय. म्हणून त्याला कळतंय कुठं द्यायचा. आमी चेंडू आल्यावर बघतोय. आता मी बी तसंच करणार.”

काकांनी आमच्याकडे पाहिले. घरी काय सांगावयाचे, ते त्यांना मिळाले होते. त्या मुलाने वर्षभराच्या सरावातून जे उमगले नसते ते तासाभरात, हरता हरता हेरले. आपल्याच जिल्ह्यात जिंकत राहिलेल्या मुलाला हे कधी दिसत नाही. परप्रांतीय संघाशी गाठ घालण्याचे प्रयोजन हेच.

तथापि दादांची चिंता खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. भायचुंग भुतिया १९९२ च्या सुब्रतो स्पर्धेत उत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि पुढच्याच वर्षी सोळा वर्षांचा असताना ईस्ट बंगालकडे गेला. पण त्याच स्पर्धेत खेळलेल्या इतर शेकडो मुलांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. हजारांत एखादाच त्या वाटेने जातो. म्हणून अभ्यास सोडून खेळ किंवा खेळ सोडून अभ्यास असा निवाडा पंधराव्या वर्षी करू नये. राज्य वा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत नियमांप्रमाणे क्रीडागुणांची सवलत मिळते. पात्र खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, मुख्याध्यापकांना वेळेवर भेटावे. बुडालेल्या तासिकांची वही वर्गमित्राकडून उतरवून घेण्याची जबाबदारी मात्र मुलाचीच असावी. ती सवय त्याला खेळाहून अधिक काळ उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास अवघड पण सांगितलीच पाहिजे. वय. दाखल्यावर वर्ष-दोन वर्षे कमी दाखवून मुलाला खालच्या गटात खेळविण्याचा मोह काही ठिकाणी होतो. चौदा वर्षांच्या मुलासमोर सतरा वर्षांचा दांडगा उभा केला, तर त्या चौदा वर्षांच्या मुलाचे हाड मोडू शकते. आणि जो दांडगा जिंकतो त्याचेही नुकसानच होते. कारण अंगाच्या जोरावर जिंकताना तो कौशल्य शिकत नाही, आणि पुढे सारे समवयस्क तेवढेच मोठे झाले की मागे पडतो. वैद्यकीय तपासणीत हे उघडकीस आले, तर नाचक्की सगळ्या संघाची होते. ‘सगळेच करतात’ हे उत्तर कोणा पालकाने देऊ नये. मुलाला खोटे वय देणे म्हणजे त्याला पहिलाच धडा खोटेपणाचा देणे होय.

तेव्हा यंदा आपल्या शाळेचा संघ निघाला, तर स्थानकावर निरोप द्यावयास जा. डब्यात दोन दिवस टिकतील अशा दशम्या द्या, जादा मोजे द्या, आणि जन्मदाखल्याची खरी प्रत द्या. ‘जिंकूनच ये’ असे न सांगता ‘समोरच्याकडून काय पाहिलेस ते येऊन सांग’ असे सांगा. परत आल्यावर प्रथम तेच विचारा. गोलसंख्या तो आपण होऊन सांगेलच.

आपल्या गावच्या शालेय संघाविषयी, विशेषतः मुलींच्या संघाविषयी, वाचकांनी अवश्य कळवावे. त्या पत्रांचा परामर्श आम्ही ह्याच सदरात घेऊ.