घोडीचा परवाना आणि आपली वरात



बारामती-इंदापूर भागाला घोडा नवा नाही. तुकोबांची पालखी आली की बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगणात अश्व धावतात. दिवाळीत शेजारच्या अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. लग्नसराईत वरातीला घोडी लागते, जत्रेत पोरांना फेरी हवी असते. हा रोख पैशाचा धंदा आहे आणि धंद्याला परवाना असावा. त्याची फी किती असावी हा नगरपालिकेचा प्रश्न वाटतो. पण आम्ही म्हणतो, तो आपल्या घरचाही प्रश्न आहे.

मागे आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलाच्या लग्नासाठी घोडी ठरवली, विसार दिला. वरात कोणत्या वस्तीतून निघणार हे कळताच आदल्या दिवशी निरोप आला, ‘घोडी लंगडते आहे.’ विसार परत मिळाला. पण नवऱ्या मुलाच्या आईच्या डोळ्यांतले पाणी कोण परत घेणार? दुसऱ्या दिवशी तीच घोडी दुसऱ्या वरातीपुढे नाचताना पोरांनी पाहिली. तक्रार करायची तर घोडेवाल्याचा परवाना नाही, नोंद नाही, हातात पावतीही नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. कलम ८ आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. त्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याकडे त्या धंद्याचा परवाना असेल, तर न्यायालय तो रद्द किंवा निलंबित करू शकते. पण मुळात परवानाच नसेल, तर रद्द काय करणार? वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हाही २०१५च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा ठरला आहे.

आता फीचे पाहू. कर आणि फी एक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला : फी ही दिलेल्या सेवेचा मोबदला असते. म्हणजे घोडीमागे पैसे घेतले, तर त्या पैशातून पशुवैद्याने तिचे खूर, पाठीवरच्या जखमा तपासल्या पाहिजेत. घोड्याचा ग्लँडर्स रोग माणसालाही होतो. त्याची रक्ततपासणी झाली पाहिजे. इंग्लंडमध्ये घोडे भाड्याने देणाऱ्यांना स्थानिक संस्थेचा परवाना १९६४च्या कायद्याने आला. २०१८च्या नवीन नियमांत तर अर्जाची व त्यासाठीच्या तपासणीची फी वाजवी खर्चापेक्षा जास्त नसावी असे आहे.

आपल्याकडे दुर्लक्षाचे फळ मुंबईने पाहिले. २०१५ साली उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा विनापरवाना तबेल्यांचाही प्रश्न पुढे आला. वेळीच नियम पाळले-पाळवले नाहीत. शेवटी पोट गेले ते गाडीवानाचे.

हे विसरून चालणार नाही. एक घोडी पाळणाराही बहुधा हातावर पोट असलेलाच असतो. वर्षाचे चार महिने कमाई आणि बारा महिने चारा! त्याच्यावर जबर फी लादली, तर तो परवाना न काढताच धंदा करील आणि आपला हक्क पुन्हा हवेत राहील. म्हणून आमचे म्हणणे असे : एका घोडीवाल्याला नाममात्र फी, तीही हप्त्याने. चार-सहा घोडे ठेवून शिकवणी चालवणाऱ्याला घोड्यामागे चढती फी. परवान्यावर ठळक अट असावी, ‘जातीच्या कारणाने सेवा नाकारता येणार नाही.’ भाड्याची छापील पावती सक्तीची असावी. आणि शहरात एक नियम, हद्दीबाहेरच्या गावात दुसरा, असे होऊ नये. नाहीतर घोडी वेशीबाहेर बांधली जाईल.

नगरपालिका असा उपविधी करायला घेईल तेव्हा मसुद्यावर हरकती व सूचना मागवील. त्या वेळी आपल्या वस्तीचा, महिला मंडळाचा लेखी अर्ज टेबलावर असलाच पाहिजे. तोवर घरात लग्न निघाले तर घोडी ठरवताना तारीख, वेळ, ठिकाण लिहिलेली सहीची पावती आधी मागा. आपण मेहेरबानी मागत नाही. पैसे मोजून सेवा घेतो आहोत. पावती जपून ठेवा. उद्या घोडी ‘लंगडली’, तर तोच तुमचा पुरावा आहे.