४८ एकर, ६० मिनिटे

प्रति,
किल्ले सिंधुदुर्गाच्या फेरीचे नियम ठरवणारे, होड्यांना परवाने देणारे आणि किल्ल्याची देखभाल पाहणारे सर्व अधिकारी यांस,

विषय : किल्ल्यावर थांबण्याची एका तासाची मुदत रद्द करणे.

महोदय,

आधीच्या अर्जांना उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे. विषय तुम्हाला ठाऊक आहे. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गावर जाणाऱ्या माणसाला किल्ल्यावर एक तास मिळतो. ज्या होडीने गेलात त्याच होडीने परत यायचे आणि ती होडी तासाभराने सुटणार. उतरतानाच हे बजावले जाते. कोणाला उशीर झाला की होडीत बसलेले बाकीचे लोक उन्हात ताटकळतात, खालून हाका सुरू होतात, आणि तो माणूस सगळ्यांची बोलणी खात धावत येतो.

हा तास कोणी ठरवला? कोणत्या कागदावर तो लिहिला आहे? मी विचारायला गेलो तेव्हा एका कार्यालयात सांगितले की किल्ला आमच्याकडे आहे, होड्या नाहीत. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की आम्ही होडीची तपासणी करतो, ती किती वेळ थांबते हे आमच्या अखत्यारीत येत नाही. तिसऱ्या ठिकाणी अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारून पोच दिली, आणि तिथेच तो राहिला. म्हणजे नियम कोणाचाच नाही, आणि तरी तो रोज, प्रत्येक होडीला, प्रत्येक माणसाला लागू आहे. यात लाज वाटावी असे तुम्हाला काहीच दिसत नाही का?

हिशेब मांडतो. कुरटे बेटावरचा हा किल्ला ४८ एकरांचा आहे. बेटाच्या खडकाची कड जशी वळत जाते तसा तट नागमोडी बांधला, त्यामुळे त्याची लांबी सुमारे ३ किलोमीटर भरते. उंची ३० फुटांच्या आसपास, रुंदी १२ फूट. धडधाकट माणूस सपाट रस्त्यावर तासाला ४ ते ५ किलोमीटर चालतो. तट सपाट नाही. जागोजागी चढउतार आहे, काही ठिकाणी दगड निखळले आहेत, काही ठिकाणी खाली उतरून पुन्हा जिना चढावा लागतो. कुठेही न थांबता, कुठल्याही बुरुजावरून समुद्राकडे न पाहता, नुसता तट चालून जायचे म्हटले तरी तास संपतो. मग मंदिर नाही, विहिरी नाहीत, शिवाजी महाराजांच्या हाताचा ठसा नाही, पायाचा ठसा नाही. आणि हे धडधाकट माणसाचे झाले. सत्तरीची आजी आणि कडेवरचे मूल घेऊन आलेल्या कुटुंबाचा हिशेब तुम्ही मांडा आणि मला कळवा.

होडी किल्ल्याला लागते तिथूनच पाहण्यासारखे सुरू होते. दरवाजा समोर दिसत नाही. दोन बुरुजांनी त्याला कुशीत घेतले आहे, वाट वळून आत जाते, आणि अगदी जवळ जाईपर्यंत इथे दार आहे हे शत्रूला कळू नये अशी रचना आहे. पुस्तकात आपण गोमुखी दरवाजा म्हणतो तो हा. तो समजायचा तर बाहेर उभे राहावे लागते, मागे सरून पाहावे लागते, मुलांना दाखवावे लागते की तोफेचा गोळा सरळ दारावर का येऊ शकत नाही. मुले प्रश्न विचारतात, विचारलेच पाहिजेत. पण उतरल्यापासून घड्याळ सुरू झालेले असते, त्यामुळे लोक मान खाली घालून आत शिरतात.

आत दोन लहान घुमट्यांमध्ये महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. जागा अरुंद, रांग मोठी. पुढे श्रीशिवराजेश्वराचे मंदिर, राजाराम महाराजांच्या काळात १६९५ साली उभे राहिलेले. तिथे पोचेपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी बहुतेकांना जाता जाता बोटाने दाखवल्या जातात. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधे गोडे पाणी, हे बांधणाऱ्यांनी आधी पारखले आणि मग बेट निवडले, एवढे समजावून सांगायलाही वेळ उरत नाही. राणीची वेळा, म्हणजे तटातून खाली उतरून जिथे छोटी पुळण लागते ती जागा, बहुसंख्य लोक पाहतच नाहीत. पश्चिमेचा तट, ज्याच्यावर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ पावसाळ्यातला समुद्र आदळतो आहे, तिथवर पोचणारा माणूस मला क्वचित दिसला. तटाच्या जाडीतच पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी शौचकूप केलेले आहेत. सतराव्या शतकातल्या राज्यकर्त्याने रात्री पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची एवढी काळजी घेतली होती, ही गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाने डोळ्यांनी पाहायला हवी.

शाळेच्या सहली मी अनेक वर्षे नेल्या आहेत, म्हणून मुलांचे सांगतो. वर्ग एका होडीत मावत नाही. दोन होड्या होतात, कधी तीन. प्रत्येक होडीचा तास वेगळा. पहिल्या होडीतली मुले मंदिरापाशी पोचतात तेव्हा दुसरीतली दारात असतात. शिक्षकाने कोणाबरोबर राहायचे? जे सांगायचे ते तीनदा सांगायचे की कोणालाच सांगायचे नाही? शेवटी सगळे लक्ष मुले मोजण्यात जाते. मुलांच्या वहीत सहलीचा वृत्तान्त लिहिलेला असतो, त्यात होडी असते, समुद्र असतो, भेळ असते. किल्ला दोन ओळींचा. यात मुलांचा दोष नाही आणि शिक्षकांचाही नाही.

एकदा मंदिरात अकोल्याकडचे एक वयस्क गृहस्थ भेटले. दरवाज्याशीच चपला काढून हातात घेतल्या होत्या, तापलेल्या दगडांवरून तसेच चालत आले होते. त्यांना तिथे थोडा वेळ बसायचे होते, एवढेच. मुलगा सारखा घड्याळ दाखवत होता. म्हातारा उठला, पुन्हा वळून हात जोडले, आणि निघाला. विदर्भातून कोकणच्या टोकापर्यंत आलेल्या माणसाला त्याच्या राजाच्या मंदिरात दहा मिनिटे बसता येत नाही, आणि हे कोणाच्या आदेशाने, ते सांगायला तुमच्यापैकी एकही जण तयार नाही.

या किल्ल्याचे भूमिपूजन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाले. पूजा मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी झाली. गणपती, सूर्य, चंद्र कोरलेला तो खडक आजही तिथेच आहे. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज होते, इंग्रज आणि डच व्यापाराच्या नावाखाली किनाऱ्यावर पाय रोवत होते. अशा वेळी खडकांनी भरलेल्या, परक्या जहाजांना सहज शिरता येणार नाही अशा पाण्यात हे बेट निवडले गेले. हिरोजी इंदुलकरांचे नाव या बांधकामाशी जोडले जाते. पायाचे दगड शिसे ओतून बसवले. १६६७ मध्ये काम पुरे झाले. शेजारी पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट अशी साखळी उभी राहिली. तटावर चढून चहूकडे नजर फिरवली तरच ही साखळी कळते. खाली मंदिरापर्यंत जाऊन परतणाऱ्याला ती कधीच कळणार नाही.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. १२ किल्ले, त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. सिंधुदुर्ग त्यात आहे. फटाके वाजले, फलक लागले. जगापुढे आपण काय मांडले होते? की डोंगर, पठार, जंगल, किनारा, बेट, जशी जमीन मिळाली तसा किल्ला या लोकांनी घडवला. हे म्हणणे पटवून देणारी सर्वांत मोठी साक्ष सिंधुदुर्गाच्या तटावर आहे, आणि तिथे जायला तुम्ही माणसाला वेळच देत नाही. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. तेव्हा जन्मलेली मुले आज नोकऱ्या करतात. एवढ्या काळात परतीच्या तिकिटाचा एक साधा नियम तुम्हाला बदलता आला नाही.

पैसे नाहीत असे म्हणू नका. समोर राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, २०२५ च्या मे महिन्यात त्याच जागी दुसरा, आणखी उंच पुतळा उभा राहिला. मी जे मागतो आहे त्याला दगड लागत नाही, धातू लागत नाही, निविदा लागत नाही.

होडीवाल्यांना मी दोष देत नाही, आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध वापरू नका. २६ मे ते ३१ ऑगस्ट होड्या बंद असतात. उरलेल्या महिन्यांत वर्षाचे पोट भरायचे. नंबर लागेल तशी फेरी, फेरी होईल तसे पैसे. तास तास थांबलेली होडी म्हणजे त्यांचेही नुकसान आहे. पाण्याखालचा प्रत्येक खडक त्यांना माहीत आहे, आजवर त्यांच्याच भरवशावर लोक किल्ला पाहून आले आहेत. त्याच होडीने परत, ही पद्धत तुम्ही लक्ष घातले नाही म्हणून पडली. कोणीतरी व्यवस्था लावायची होती. तुम्ही लावली नाही, त्यांनी त्यांच्या सोयीची लावली.

मागणी अशी आहे. परतीचे तिकीट त्या दिवशीच्या कोणत्याही होडीला चालावे. तिकिटावर क्रमांक असावा, जाताना आणि येताना दोन्हीकडे त्याची नोंद व्हावी, म्हणजे शेवटच्या होडीनंतर किल्ल्यावर कोणी राहिले नाही याची खात्री होईल. शेवटच्या होडीची वेळ धक्क्यावर आणि दरवाज्यात मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावी. वारा फिरला, समुद्र चढला तर भोंगा वाजवून सर्वांना खाली बोलवावे, त्या वेळी कोणी हुज्जत घालणार नाही. फेऱ्यांचे पैसे होडीवाल्यांत कसे वाटायचे ते त्यांच्याशी बसून ठरवावे, त्यांना वगळून नव्हे. सहलीच्या वर्गांना सकाळच्या होड्या एकापाठोपाठ द्याव्यात आणि दुपारपर्यंत किल्ल्यावर राहू द्यावे. ज्याला तासात परतायचे आहे त्याने खुशाल परतावे.

संध्याकाळी शेवटच्या होडीला गर्दी होईल, असे एका साहेबांनी मला तोंडी सांगितले होते. होईल. मग त्या वेळी दोन होड्या जास्त ठेवा. गर्दीची व्यवस्था करणे हे तुमचे काम आहे. गर्दी होऊ नये म्हणून माणसाला किल्ला पाहू न देणे, हे तुमचे काम नाही. रायगडाच्या पायऱ्या चढून गेलेल्याला कोणी तासाभरात खाली बोलावत नाही. राजगडावर बोलावत नाही, प्रतापगडावर नाही. पाण्यातल्या किल्ल्याला होडी लागते, एवढ्याच कारणाने त्याचे दर्शन मोजून मापून का द्यायचे?

येत्या १ सप्टेंबरला होड्या पुन्हा सुरू होतील. त्याआधी लेखी उत्तर हवे आहे : हा तास कोणाच्या आदेशाने आहे, त्या आदेशाची तारीख काय, आणि तो कधी मागे घेणार. आदेशच नसेल तर तेही लिहून द्या. तो कागद मी धक्क्यावर लावीन, म्हणजे किल्ल्यावर हवा तेवढा वेळ थांबण्याचा आपला हक्क आहे हे येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
कोल्हापूर